भूकंपोत्तर पुनर्वसनाचीं कागदपत्रें : एक परीक्षण

गेल्या वर्षभरांत किल्लारी-सास्तूरच्या भूकंपानंतर झालेल्या पुनर्वसनासंबंधींचे जेवढे अहवाल, गांवोगांवच्या स्मरणिका व अभ्यासकांचे प्रबंध आमच्या हातीं आले, तेवढे आम्हीं वाचून काढले. त्रैमासिकाच्या जुन्या वाचकांस हा विषय परका वाटेल. सनदा, महजर, शकावल्या व पोथ्या यांच्या पानांत ३० सप्टेंबर १९९३ च्या घटनेचें काय काम, असें आमच्या एका स्नेह्यांनीं घोडनदीच्या बाजारांत उभ्याउभ्याच आम्हांस विचारलें. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या घटनेस तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, जिचे साक्षीदार एकेक करून जात आहेत व जिचे कागद पेट्यांतून कुजूं लागले आहेत, ती घटना संशोधकाच्या कक्षेंत आली. आणखी पन्नास वर्षें थांबून मग हळहळत बसणें ही आपली जुनी खोड आहे. ती या वेळीं तरी सोडावी.

दुसरेंही एक कारण आहे. आमच्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांनीं भूकंपाची नव्हे, पण कर्जाची व दुष्काळाची आपत्ति १८७४ पासून १८७८ पर्यंत अशी भोगली कीं, तिचे कागद आजही अभ्यासावे लागतात. आपत्तीनंतर मनुष्य पुन्हां उभा कसा राहतो, आणि तो उभा राहिला असें लिहिणारा कोण, हे दोन प्रश्न त्या कागदांनीं आम्हांस शिकविले. तेच प्रश्न आम्हीं किल्लारीच्या कागदांस विचारून पाहिले. त्यांतून जें निघालें तें येथें मांडीत आहों.

आमचें शिक्षण संस्कृताचें. म्हणून आरंभ तेथूनच करतों. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूकंपासाठीं एक स्वतंत्र अध्याय योजिला आहे. जलांत राहणाऱ्या महाकाय प्राण्यांमुळें भूमि हालते, भारानें थकलेले दिग्गज निःश्वास टाकतात म्हणून हालते, वायूवर वायु आदळून हालते, अथवा अदृष्टामुळें हालते, अशीं निरनिराळीं मतें तो नोंदवितो. मग वायव्य, आग्नेय, ऐंद्र व वारुण अशीं मंडलें पाडून कोणत्या मंडलाच्या कंपानें कोणत्या देशास व कोणत्या वृत्तीच्या लोकांस पीडा होते हें सविस्तर सांगतो. कारण आहे, लक्षण आहे, फल आहे. परंतु पडलेलें घर कोणीं, कशानें व कोणाच्या खर्चानें बांधावें, याविषयीं एक अक्षर नाहीं. हा दोष वराहमिहिराचा नव्हे. तो त्याचा विषयच नव्हता. आमच्या शकावलीकारांचें मात्र नवल वाटतें. अमुक शकीं धरणीकंप जाहला, एवढ्या एका ओळींत ते मोकळे होतात आणि पुढच्या ओळींत स्वारी सुरू होते. कंप लिहिणें आणि कंपानंतरचें न लिहिणें ही रीति आपल्याकडे इतकी जुनी आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झाला. त्यासंबंधीं आमच्या वाचनांत जें आलें त्यांत धरणाविषयीं व खडकाविषयीं पुष्कळ आहे, माणसांच्या पुन्हां उभें राहण्याविषयीं फार थोडें.

या मानानें किल्लारीचे कागद विपुल आहेत, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. त्यांतील मुख्य गोष्टी अशा. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत पहांटे चारच्या सुमारास, पहुडलेल्या माणसांवर दगडमातीच्या जाड भिंती व धाब्याचीं जड छपरें कोसळलीं. दगड मातींत रचलेला, त्यास चुन्याचा बांध नाहीं. लांकडी खांबांचा सांगाडा कित्येक ठिकाणीं उभा राहिला आणि भिंत तेवढी आंत आली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९९४ सालीं राज्य सरकारनें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला. ५२ गांवें समूळ नव्या जागीं हलविलीं. दूरदूरच्या जिल्ह्यांत मिळून सुमारें दोन लक्ष घरांची दुरुस्ती व मजबुती योजिली. एवढें काम आपल्या राज्यांत पूर्वीं झालेलें नव्हतें.

आतां परीक्षण. पहिली गोष्ट पाठभेदाची. मृतांची संख्या सरकारी गणनेंत ७,९२८ अशी येते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय खात्याच्या यादींत ती ९,७४८ आहे. दोहोंत सुमारें अठराशें माणसांचें अंतर. पोथींत दोन प्रतींचा एक शब्द जुळला नाहीं तर आपण तळटीप देतों. येथें एवढीं माणसें जुळत नाहींत, आणि जे अहवाल आम्हीं वाचले त्यांतील बहुतेकांनीं यांपैकीं एक आंकडा उचलला व दुसऱ्याचा उल्लेखही केला नाहीं. संपादनाच्या साध्या शिस्तीस हें सोडून आहे.

दुसरा भेद तारखेचा, आणि तो भेद नव्हेच. अहवालांत ३० सप्टेंबर, गुरुवार. गांवकऱ्यांच्या तोंडीं मात्र अनंतचतुर्दशीची रात्र, गणपति बोळवून लोक निजले ती. एका प्रबंधकारानें याची 'लोकस्मृतींतील चूक' म्हणून संभावना केली आहे. आम्हीं पंचांग पाहिलें. शके १९१५, श्रीमुखनाम संवत्सर, त्या वर्षीं भाद्रपद अधिक होता. निज भाद्रपद शुद्ध चतुर्दशी बुधवारीं २९ सप्टेंबरास. आपल्याकडे वार सूर्योदयापासून पालटतो. पहांटे चारास बुधवारच होता आणि दिवस चतुर्दशीचाच होता. खेड्यांतल्या म्हातारीचें कालगणन बरोबर होतें. प्रबंधकारास पंचांग वाचतां येत नव्हतें. गोष्ट लहान आहे, परंतु ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांचा शब्द आधीं चुकीचा धरावयाचा ही संवय या सर्व वाङ्मयांत जागोजाग दिसते, म्हणून ती येथें नोंदविली.

तिसरी व महत्त्वाची गोष्ट घराच्या मापाची. स्थलांतरित गांवांत घरें तीन मापांचीं दिलीं. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यास ४००. त्याहून अधिक असणाऱ्यास ७५०. अहवाल हें माप सरळ कोष्टकांत मांडून पुढें जातात. आम्ही येथें बराच वेळ थांबलों. कारण जुन्या गांवांत वाडा मोठा असे व खोपट लहान असे, तें अनेक पिढ्यांच्या व्यवहारानें झालेलें होतें. कोणीं एका दिवशीं, एका निर्णयानें तें ठरविलेलें नव्हतें. नव्या गांवांत तें एका निर्णयानें ठरलें व काँक्रीटांत ओतलें गेलें. ज्याचें अधिक बुडालें त्यास अधिक द्यावें हा या मापामागचा युक्तिवाद आम्हांस कळतो, व तो अगदींच टाकाऊ नाहीं. ज्याच्या घरीं बैल, कणगी व पंधरा माणसें, त्यास २५० फुटांत कोंडणें हाही न्याय नव्हे. परंतु माणसें मोजलीं नाहींत, जमीन मोजली, हें खरें. भूमिहीनाच्या घरींही आठ माणसें असतात. अहवालाच्या शेवटीं मग 'लाभार्थी' असा एकच शब्द तिघांसही लावलेला पाहून आम्हांस हंसूं आलें.

नव्या गांवांचे नकाशे आम्हीं जवळ घेऊन पाहिले. सरळ रस्ते, काटकोनांत छेदलेले, ओळीनें घरें, प्रत्येकास क्रमांक. गांवाचें क्षेत्र जुन्या गांवठाणाच्या कितीतरी पट. एका अर्थीं हें सुरक्षित आहे: गल्लींत भिंत पडून माणूस दबण्याची भीति राहिली नाहीं. परंतु जुन्या गांवाचा नकाशा कोणत्याही अहवालास जोडलेला आम्हांस आढळला नाहीं. पेठ कोठें होती, वेस कोठें, कोणाच्या घरास कोणाचें घर लागून होतें, सुताराचा नेट कोठें पडे, हें सर्व एका पहांटेंत गेलें. आणि ज्यांच्याजवळ त्या वेळीं मोजणीदार, कागद व पैसा होता, त्यांनीं तें लिहून ठेविलें नाहीं. शेजार हें बाजारांत मिळणारें द्रव्य नव्हे. उसना दाणा, बाळंतपणांतली मदत, बैलाची अदलाबदल, रात्रीं मुलास कोणाकडे ठेवावें, हा सर्व व्यवहार शेजारावर चाले. त्याची किंमत कोणत्या कोष्टकांत लिहावी हें कळलें नाहीं, म्हणून ती लिहिलीच नाहीं.

याच अहवालांत एक भाग मात्र असा आहे कीं, तो वाचतांना आम्ही टांचणें करावयाचें विसरलों. दुरुस्तीच्या कामीं खेड्यापाड्यांतून महिला मंडळांच्या बायकांस 'संवाद सहायक' नेमण्यांत आलें. घरमालकास हप्ता केव्हां मिळेल, सिमेंट किती, कोपऱ्यांत लोखंड कसें घालावयाचें, पट्टा कोठें बांधावयाचा, हें या बायका शिकल्या व शिकविल्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें त्यांत पुढाकार घेतला. २६ जानेवारी १९०० च्या शतकांत नव्हे, २००१ सालीं कच्छांत भूकंप झाला तेव्हां यांतील कित्येकजणी तिकडे गेल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या. भाषा कळत नसतां, एका आपत्तींतून उठलेल्या बायकांनीं दुसऱ्या आपत्तींतील बायकांस काय दाखविलें असेल? अहवाल म्हणतो, 'अनुभवांची देवाणघेवाण झाली.' बस्स. या प्रवासाचें एकही पत्र, एकही वही, एकही हिशेब त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत छापलेला आम्हांस मिळाला नाहीं. या सर्व वाङ्मयांतली सर्वांत मोलाची गोष्ट एका वाक्यांत उरकली आहे, शकावलीकारानें उरकावी तशी.

आतां आमच्या तालुक्यांकडे येतों. डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील कर्डे येथें एका मारवाडी सावकारानें तेथल्या देशमुखावर सुमारें दीडशें रुपयांच्या कर्जापायीं हुकूमनामा मिळविला, आणि गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा झाला. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें व आतां बारामतींत आहे. त्या जुन्या भीमथडीचा बराच भाग आजच्या दौंड तालुक्यांत मोडतो. दंगेखोरांनीं काय मागितलें? कर्जरोखे. जेथें सावकारानें रोखे दिले तेथें बहुधा दुसरी इजा केली नाहीं. जेथें दिले नाहींत तेथें घर पेटविलें. कागदांचा संग्रह करणारे आपण लोक. आपल्याच तालुक्यांत कागदांची होळी झाली हें वाचतांना जीव कासावीस होतो. पण त्या कुणब्यास कागदाची शक्ति आपल्याहून अधिक नीट कळलेली होती. स्वतःस न वाचतां येणारा कागद आपलें घर खातो, हें तो जाणत होता.

चौकशीच्या कमिशनचा अहवाल १८७६ मधला. त्याच वर्षीं दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवरील मजुरी टेंपलसाहेबांनीं १८७७ च्या आरंभीं उतरविली, मोठ्या माणसास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा; पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध तक्रार मांडली व मजूर कामें सोडून गेले. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्यें खुला झाला, त्याच्या मातीकामावर दुष्काळांतले हात होते. आमच्या दौंडच्या जंक्शनांत गाडीची वाट पाहतांना हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

या आपत्तीनंतर तालुका सावरला कीं नाहीं? १८८५ चें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर उघडावें. त्यांत तालुकावार वसूल, सूट व बाकी यांचीं कोष्टकें आहेत. वसूल पूर्ववत् झाला कीं तालुका पूर्ववत् झाला, असा त्यांतला ध्वनि. खरें उत्तर पाहिजे असल्यास शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक या एका गांवाचा जो अभ्यास हॅरल्ड मॅन व ना. वि. कानिटकर यांनीं करून १९२१ सालीं प्रसिद्ध केला, तो वाचावा. त्यांनीं घर घर मोजलें. प्रत्येक कुटुंबाची जमीन, कर्ज, मजुरी, खर्च. मग जमिनीवर निभणारीं, जमीन व बाहेरची मजुरी मिळून निभणारीं, आणि दोन्हीं मिळूनही न निभणारीं, असे तीन वर्ग. दुष्काळानंतर चाळीस वर्षें लोटलीं तरी तिसऱ्या वर्गाची गर्दी त्यांत दिसते. वसुलाच्या कोष्टकांत ती दिसत नव्हती.

आमचा मुख्य आक्षेप आतां स्पष्ट करतां येईल. किल्लारीचे अहवाल गॅझेटियरच्या जातीचे आहेत. त्यांस जातेगांवच्या जातीचा जोड पाहिजे. वसुलाच्या ठिकाणीं घरांची संख्या आली, एवढाच फरक. १८७९ च्या शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास एक अपूर्व अधिकार दिला होता: रोख्यावरचा आंकडा प्रमाण न मानतां, मूळ व्यवहार काय झाला, किती रक्कम खरोखर हातीं पडली, हें मागें जाऊन शोधावें. आज अहवालाच्या वाचकानेंही तेंच करावें. 'घर दिलें' हा आंकडा. त्यामागें, कोणास दिलें, कोणाच्या नांवें, तो त्यांत राहिला कीं विकून गेला, शेतापासून किती दूर गेला, विधवेचें नांव लागलें कीं दिराचें, हा मूळ व्यवहार.

परदेशांतल्या दोन गोष्टी येथें सांगण्याजोग्या आहेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बन शहर भूकंप, समुद्राची लाट व आग यांनीं उध्वस्त झालें. तेव्हां पाँबालच्या मंत्रिमंडळानें देशांतील प्रत्येक धर्मप्रांताच्या पाद्र्यास प्रश्नावली धाडली: कंप किती वेळ टिकला, किती घरें पडलीं, किती माणसें मेलीं, समुद्र आधीं मागें सरला काय, मदतीची काय तजवीज केली. तीं उत्तरें आजही अभ्यासकांस उपलब्ध आहेत. आपल्या पेशवाईच्या मध्यावरची ही गोष्ट आहे, हें ध्यानीं घ्यावें. दुसरी जपानांतली. आनेयोशी नांवाच्या वस्तींत १९३३ च्या लाटेनंतर एक शिलालेख उभारला, कीं या खुणेच्या खालीं घर बांधूं नये. लोकांनीं तो पाळला. ११ मार्च २०११ रोजीं लाट आली ती त्या शिळेच्या खालींच थांबली, आणि वस्ती वांचली. शिलालेखांचे ठसे घेण्यांत आपलीं आयुष्यें गेलीं. परंतु वाचून त्याप्रमाणें वागावें असा एखादा लेख आपण कोठें कोरला असेल तर तो आम्हांस ठाऊक नाहीं.

किल्लारी आम्हांस वाटतें तितकी दूर नाहीं. भूकंपांतील सुमारें १,२०० मुलें भारतीय जैन संघटनेनें शिक्षणासाठीं पुण्यास आणलीं. त्या संघटनेचें वाघोलीचें संकुल शिरूरकडे येणाऱ्या रस्त्यावरच आहे. मराठवाड्यांतून ऊसतोडीस येणाऱ्या टोळ्या दौंड तालुक्यांत वर्षानुवर्षें येत आल्या. मागल्या हंगामांत पाटसच्या बाजूस अशाच एका तळावर आम्हांस एक बाई भेटल्या. वय आमच्याहून थोडें कमी. त्या हलविलेल्या ५२ गांवांपैकीं एका गांवच्या. आम्ही पुनर्वसनाचे कागद वाचतों हें कळल्यावर त्यांनीं खोपीतून पत्र्याची पेटी आणविली. पेटींत घराची ताबापावती, शिधापत्रिका, आणि शाळेच्या दुरेघी वहीचीं सहा पानें. त्या पानांवर त्यांच्या दिवंगत यजमानांनीं जुन्या गल्लींतील घरें क्रमानें लिहिलेलीं, वेशीपासून मारुतीपर्यंत. प्रत्येक घरापुढें माणसांचीं नांवें, आणि गेलेल्यांच्या नांवापुढें एक टिंब. शेवटच्या पानावर तींच घरें पुन्हां, आतां नव्या क्रमांकानीं. लागून असलेलीं चार घरें नव्या गांवांत चार निरनिराळ्या ओळींत पडलेलीं त्यावरून स्पष्ट दिसतात.

"तात्या, हें तुम्हांला कशाला हवं?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, नक्कल करून परत देतों. "परत द्याल तर न्या," त्या म्हणाल्या. "सायेबांनी नेलेला कागुद परत येत न्हाई."

वर्षभरांत वाचलेल्या सर्व छापील मजकुरापेक्षां हीं सहा पानें अधिक मोलाचीं ठरलीं, हें सांगण्यास आम्हांस संकोच नाहीं. ज्यांस आम्ही नकाशा नाहीं म्हणून दोष देत होतों, तो नकाशा येथें होता. पेन्सिलीनें काढलेला, मापावांचून, परंतु गल्लीचा क्रम व शेजार बिनचूक. मृतांच्या आंकड्याचा पाठभेद मिटविण्याचा मार्गही हाच आहे. वरून आलेल्या दोन संख्यांची तुलना करून तो मिटणार नाहीं. गल्लीगल्लीच्या अशा याद्या जुळवूनच मिटला तर मिटेल. अशा वह्या आणखीही घरांत असतील. स्मरणिकांतून छापलेल्या मृतांच्या याद्यांचें मूळ कोठें तरी कोणाच्या हस्ताक्षरांत असलेंच पाहिजे.

संग्राहक मित्रांस एक विनंति. असे कागद विकत घेऊं नयेत. पोथी गांवाबाहेर गेली तरी तिचा अर्थ टिकतो. ही वही त्या पेटींतून निघाली कीं ती नुसती नांवांची यादी होते, कारण कोणत्या टिंबाचा अर्थ काय हें सांगणारें माणूस तिच्याबरोबर येत नाहीं. छायाचित्र घ्यावें, सांगणाऱ्याचें सांगणें त्याच दिवशीं लिहून काढावें, आणि मूळ परत द्यावें. पेटींतल्या मजकुरांत जिवंत माणसांच्या जमिनीचे व वारसांचे वाद असतात, म्हणून नांवें छापण्यापूर्वीं विचारावें. आणि बृहत्संहितेची प्रत मिळाली असतां आपण जसें पान, ओळी व शाई नोंदवितों, तशीच येथेंही नोंद करावी: कागद कसला, अक्षर कोणाचें, कोणत्या वेळीं लिहिलें.

आम्हीं केलेली नक्कल दोन प्रतींत आहे. मूळ पानें आठव्या दिवशीं तळावर जाऊन परत केलीं. तेव्हां बाईंनीं तीं उलटून पाहिलीं, मोजलीं, आणि तिसऱ्या पानावरील एका नांवापुढचें टिंब चुकीचें असल्याचें आम्हांस सांगितलें: तो मुलगा वांचला होता, सोलापुरास दवाखान्यांत होता, यजमानांस तें उशीरा कळलें. आमच्या नकलेंत त्या टिंबावर आम्हीं खूण केली असून बाजूस त्यांचें म्हणणें लिहिलें आहे.